सावलीत पाच दिवस

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, दुर्ग-गोंदिया मार्गावर तीस वर्षं गार्डाची हिरवी झेंडी दाखवलेले आणि आता आपल्या मराठी मंडळाला दिशा दाखवणारे माननीय दौलतरावजी कापगते. प्रमुख पाहुणे, आमच्या संस्थेचे संचालक व या मंडळाचे आश्रयदाते सन्माननीय प्रफुल्लजी गभणे सर. ज्यांच्यासाठी आपण सारे भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या या सभागृहात जमलो त्या सत्कारमूर्ती डॉक्टर वंदनाताई हटवार. समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि मागच्या रांगेत मोबाइल पाहून राहिलेल्या तरुण मित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी फकिरा लांजेवार. वंदना मॅडमच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षांपासून सहायक आहे. बीकर धुतो, वजनं करतो, मशीन बिघडलं की आधी मला बोलावतात आणि मग मेकॅनिकला. परवा संस्थेत मॅडमचा निरोप झाला. तिथं हिंदीत सात भाषणं झाली, त्यात माझं नव्हतं. यादीत नाव होतं म्हणे, पण वेळ संपला. आज मंडळाचा कार्यक्रम आहे, घरचा आहे, म्हणून मी स्वतः जाऊन नाव लिहून आलो. सूत्रसंचालन करणाऱ्या भाग्यश्रीताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांनंतर त्या चिठ्ठी पाठवतील. मी ती आदरानं घेईन आणि खिशात ठेवीन.

आणखी एक आधीच सांगतो. मला पुस्तकातली मराठी येते, शाळेत भाषण स्पर्धेत दुसरा आलो होतो. पण राग आला की माझी घरची भाषा बाहेर येते. तर ती आली, म्हणजे समजून घ्या.

माझ्या आधीच्या चार वक्त्यांनी मॅडमच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. शांत, सोशिक, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. टाळ्याही झाल्या. मला एक विचारायचं आहे. एखाद्या माणसाला वर्षभर गप्प बसावं लागलं, तर तो त्याचा गुण असतो की बाकीच्यांचा गुन्हा? उत्तर नको, विचारून ठेवतो.

आता मॅडमचं काम काय होतं ते दोन शब्दांत सांगतो, कारण त्याच्यावर विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत आहे याची मला शंका आहे. रोपवाटिकेत रोपं काळ्या पिशवीत वाढवतात. रोप जमिनीत लावताना ती पिशवी फाडून फेकतात. एका पावसाळ्यात अशा लाखो पिशव्या आपल्या शिवारात पडतात, आणि गाय खाते. मॅडमचं म्हणणं एवढंच की पिशवी अशी करा की रोपासकट जमिनीत गाडता येईल. कशाची? तांदळाच्या कणकीची, म्हणजे तुकडा तांदळाची. आपण छत्तीसगडात राहतो, कणकीला इथं काय तोटा! कणकीतला स्टार्च काढायचा, पाण्यात ग्लिसरीन टाकून शिजवायचा, ताटात पातळ पसरायचा, वाळला की प्लास्टिकसारखा पापुद्रा निघतो.

पण नुसत्या स्टार्चचा पापुद्रा मोठा नाजूक. पाणी लागलं की लगदा, कोरडा पडला की पापड. म्हणून त्यात माती घालायची. तुमच्या-माझ्या अंगणातली नाही. इतकी बारीक, की तिचा एक कण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक चिकटलेले थर. ते थर सुटे होऊन पापुद्र्यात पसरले तर पाण्याला आरपार जायला सरळ वाट मिळत नाही आणि पिशवीला ताकद येते. अडचण अशी, की कच्ची माती स्टार्चमध्ये सुटी होतच नाही. पिठल्यात कोरडं बेसन टाकल्यासारख्या गाठी होतात. म्हणून त्या मातीवर आधी प्रक्रिया करायची, तिच्या थरांमध्ये वेगळा तयार केलेला स्टार्च शिरवायचा, थर फाकवायचे, आणि मग ती मिसळायची. मॅडम तिला ‘शिकवलेली माती’ म्हणायच्या. शंभर भाग स्टार्चला पाच भाग शिकवलेली माती. हे पाच ठरवायला सहा वर्षं गेली. चारला पिशवी ढिली, आठला पुन्हा गाठी. त्यातली शेवटची तीन वर्षं त्यांच्या हाताखाली निशा होती. ती काय, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची पीएचडी याच मातीवर आहे.

आणि सर्वात शेवटची पायरी वाळवण्याची. मॅडमच्या वहीत लाल शाईनं लिहिलं आहे: सावलीत, पाच दिवस, खोलीत ओल ठेवून. खाली दोन रेघा मारल्या आहेत. ही ओळ लक्षात ठेवा, मी तिच्यासाठीच इथं उभा आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात रायपूरहून मोठे साहेब या पिशव्या पाहायला येणार होते. चाळीस पिशव्या दाखवायच्या होत्या. तारीख ठरली होती एकवीस. मॅडम परीक्षेच्या कामाला बिलासपूरला गेल्या होत्या, अठराला परत यायच्या होत्या. तेरा तारखेला गभणे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, साहेब आता सोळालाच येणार, मीच सांगितलं लवकर या म्हणून. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! मी म्हटलं, सर, वाळायलेच पाच दिवस लागते. सर म्हणाले, “फकिरा, मले कारणं नको सांगू. परवापर्यंत पिशव्या पाहिजेत. कशा वाळवतो ते तू पाह्य.”

सर मान हलवून राहिले. हलवा सर. मी अजून अर्ध्यातच आहे.

आता माझी गोष्ट. माझी आई मैनाबाई, वैशाली नगरात आमच्या गल्लीत कुरडयांसाठी प्रसिद्ध होती. गहू भिजवायचे, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा, आणि मेच्या कडक उन्हात गच्चीवर टाकायचा. दोन दिवसांत खडखडीत. लहानपणापासून मी चादरीचे कोपरे धरले, कावळे हाकलले. माझ्या डोक्यात एकच बसलेलं: शिजवलेला चीक आणि मे महिन्याचं ऊन, यांची जोडी देवानं जुळवली आहे. कणकीचा स्टार्च म्हणजे तरी काय, तांदळाचा चीकच ना? बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण ऐनवेळी कामाला आली ती आईची गच्ची.

मी स्टार्च पसरलेली चाळीस ताटं उचलली आणि संस्थेच्या गच्चीवर नेऊन मांडली. भिलाईचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी दोन वाजता कठड्याला हात लावला तर फोड येतो.

निशा वर आली. ताटं पाहून जागीच थबकली. ही पोरं घरातच मराठी बोलतात, बाहेर त्यांची हिंदी. ती म्हणाली, “काका, मॅडम ने तो छाँव में बोला था ना?” आणि मी तिला काय बोललो असेन? म्हटलं, “तुह्या जन्माआधीपासून मी कुरडया वाळवून राहिलो. तू मले शिकवते काय?” पोरगी खाली गेली. बाप्पा, तेव्हा तिचं ऐकलं असतं तर आज मीही चार गोड शब्द बोलून खाली बसलो असतो.

मग आणखी एक माणूस वर आला. कोण? आपले प्रमुख पाहुणे. त्यांनी ताटं पाहिली, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, वा फकिरा, घरचीच पद्धत. माझा ताटांसोबत फोटो काढला आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘परंपरा आणि विज्ञानाचा संगम’. सोळा तारखेच्या दुपारी तो फोटो ग्रुपवरून गायब झाला. पण माझ्या मोबाइलमध्ये तो अजून आहे. ज्यांना पाहायचा त्यांनी चहाच्या वेळी यावं.

भाग्यश्रीताईंची चिठ्ठी आली. धन्यवाद ताई. ठेवली खिशात.

सोळा तारखेला काय झालं ते इथं बहुतेकांना तोंडपाठ आहे. साहेबांनी ओल्या मातीनं भरलेली पिशवी फोटोसाठी दोन्ही हातांनी उचलली. बूड फाटलं. पिशवी हातात राहिली आणि सगळा चिखल पांढऱ्या पॅन्टवर आणि बुटांवर. दुसरी उचलली, तीही तशीच. तिसरीला त्यांनी हात लावला नाही.

मॅडम दुसऱ्या दिवशी बिलासपूरचं काम अर्धं टाकून आल्या. टेबलावर उरलेल्या पिशव्या होत्या, त्यातली एक घेतली, कोपरा बोटांत धरून मोडला. टक् आवाज झाला. चांगला पापुद्रा मोडत नाही, वाकतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “फकिराभाऊ, उन्हात घातल्या होत्या का?”

मी म्हटलं, नाही मॅडम.

बावीस वर्षांत त्या बाईशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तो तुकडा पाकिटात घातला, पाकिटावर तारीख लिहिली आणि कपाटात ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

चौकशी समिती बसली. सरांनी मला आधीच बाजूला घेऊन समजावलं होतं, की नोकरीची चार वर्षं राहिली आहेत, घरी दोन पोरी आहेत, तुले कशाले पाहिजे ही भानगड. समितीनं विचारलं, वाळवण कसं केलं? मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे. शेण खाल्लं मी. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, पिशव्या माझ्या प्रयोगशाळेतल्या आहेत, जबाबदारी माझी. संपलं. तारीख कोणी अलीकडे ओढली हे कोणी विचारलं नाही, कारण ओढणारेच समितीचे अध्यक्ष होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी खुर्चीत बसून पाहिलं. अन् चोरायमध्ये मीही होतो.

मॅडम, राग तुमचाही येते मले. कावून बोलल्या नाही तुम्ही? तुमच्याजवळ तो तुकडा होता. एकदा टेबलावर आपटून विचारायचं होतं, हा उन्हात वाळलेला आहे की नाही सांगा. तुम्ही माह्या घरातल्या दोन पोरी पाहिल्या अन् गप्प बसल्या. असं कोणाले वाचवाचं नसते मॅडम. वाचलेला माणूस मग रोज आरशात पाहते अन् शिव्या देते.

अन् आता तुम्ही. हो, समोर बसले ते सारे. गणपतीत याच सभागृहात प्रसादाची पिशवी फाटली, तर कोण ओरडलं होतं, ‘वंदना मॅडमची दिसते’ म्हणून? सारं सभागृह हसलं होतं. वंदना मॅडम दुसऱ्या रांगेत आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. वर्षभर भाजीबाजारात, लग्नात, हळदीकुंकवात तोच एक विनोद. पिशवी फाटली की मॅडमचं नाव. आज त्याच हातांनी शाल आणि श्रीफळ. लाज वाटते का आपल्याला? मला वाटते. मीही हसलो होतो. नाही हसलो तर कोणाला शंका येईल, म्हणून हसलो होतो.

बसतो, दौलतरावजी, बसतो. तुम्ही घड्याळ पाहिलं ते दिसलं मला. गाडीला उशीर झाला तर गार्ड त्याचं कारण लिहून ठेवतो, तुम्हीच सांगत असता. तर या उशिराचंही कारण लिहून घ्या.

मॅडम निवृत्त झाल्या म्हणजे त्यांचा प्रकल्पही बंद होणार. उद्या सकाळी अकरा वाजता सरांच्या सहीनं त्याचा शेवटचा अहवाल रायपूरला जाणार आहे. तो अहवाल मी वाचला. त्यात लिहिलं आहे: ‘सूत्र मुळातच सदोष. या दिशेने पुढे काम करू नये.’ नाचता येईना, तर अंगण वाकडं! तो कागद गेला की सहा वर्षं पाण्यात. मॅडम भंडाऱ्याला बहिणीकडे जाऊन राहतील, आणि त्यांच्या नावापुढे कायम हेच लिहिलेलं राहील. आणि निशाची तीन वर्षं? सदोष सूत्रावर पीएचडी कोण देईल? या पोरीनं ती ताटं उन्हात पाहिली होती. एक शब्द बोलली असती तर तिचं काम वाचलं असतं. मी तिला मागच्या महिन्यात विचारलं, तू का बोलली नाहीस? म्हणाली, “काका, आपकी नौकरी चली जाती.” मॅडमही माझ्यासाठी गप्प, ही पोरगीही माझ्यासाठी गप्प. अन् मी? मी कोणासाठी गप्प होतो?

त्या अहवालाला सहायकाचं प्रमाणपत्र जोडायचं आहे: वाळवण ठरलेल्या पद्धतीने केले. खाली माझी सही हवी. हा तो कागद. काल सरांच्या ड्रायव्हरनं घरी आणून दिला. सही करून कार्यक्रमातच परत द्या, असा निरोप होता. निरोप समारंभातच निरोप.

मी सही केली आहे. पण मागच्या बाजूला. मागे मी माझ्या हातानं सारं लिहिलं आहे: तारीख कोणी बदलली, ताटं कोणी उन्हात मांडली, गच्चीवर कोण आलं, फोटो कोणी काढला. पहिलं नाव माझं टाकलं आहे. दौलतरावजी, हा कागद मी तुमच्या हातात देतो. तुम्ही वाचा, आणि मग वाटलं तर सरांकडे सरकवा. एक प्रत टपालानं रायपूरला आज दुपारीच गेली आहे. पावती खिशात आहे, चिठ्ठीच्या शेजारी.

सर उठू नका. शेवटचं एकच सांगायचं आहे, आणि ते तुमच्यासाठीच आहे.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला पाहुण्यांचं स्वागत आपण हारानं न करता रोप देऊन केलं. सरांना करंजाचं रोप मी दिलं. सरांनी ते दोन्ही हातांत धरलं, फोटो काढून घेतला, आणि टेबलावर मोबाइलच्या बाजूला ठेवलं. दीड तास झाला, तिथंच उभं आहे. सर, त्याची पिशवी जरा पाहून घ्या. ती नर्सरीतली नाही. मॅडमच्या वहीतलं सूत्र, एक अक्षर न बदलता. माती निशानं शिकवली, स्टार्च मी शिजवला. माझ्या घरच्या मागच्या खोलीत खिडक्या बंद करून ओली पोती टांगली आणि सावलीत पाच दिवस वाळवलं. मॅडमना आम्ही कळू दिलं नाही. मग त्यात ओली माती भरली, रोप लावलं, आणि तेरा दिवस रोज सकाळी पाणी घातलं. आज रिक्षानं वैशाली नगराहून इथवर आणलं. रस्त्यावरचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत.

सर, खालून हात लावून पाहा. उचला. मघाशी उचललंच होतं तुम्ही, तेव्हा कुठं फाटलं?

तुमचा पांढरा शर्ट अजून पांढराच आहे. सभागृहानं पाहावं एवढीच विनंती.

आता मोजके आभार. मंडळाचे, माईक दिल्याबद्दल. भाग्यश्रीताईंचे, एकच चिठ्ठी पाठवल्याबद्दल. निशाचे, ज्या दिवशी मी तिला रागावलो त्या दिवसाबद्दल. वक्त्यानं शेवटी म्हणायचं असतं, की बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. अधिक-उणं आज काही झालेलं नाही, म्हणून ती क्षमा मी सभागृहाकडे मागत नाही. नोकरीचं जे व्हायचं ते होईल, पोरींना मी काल रात्रीच जेवताना सांगितलं. त्या म्हणाल्या, जा बाबा, बोलून ये.

क्षमा मागायची आहे ती एकाच माणसाची. वंदना मॅडम, गेल्या वर्षी सतरा मेला, पिशवीचा कोपरा मोडून, तुम्ही मले एक गोष्ट विचारली होती. वर्ष लागलं उत्तर द्यायले, माफ करा.

हो मॅडम. उन्हातच घातल्या होत्या.